राष्ट्रीय उद्यानाची भेट : कोणते उद्यान निवडावे?

५.१ प्रस्तावना

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण बहुधा लेखनाच्या टप्प्यापासून सुरुवात करतो. परंतु लेखनाचा दर्जा पुष्कळदा त्याआधीच, म्हणजे कोठे जायचे आणि कशासाठी जायचे हे ठरते त्या वेळी, निश्चित होत असतो. प्रस्तुत घटकात राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊन या निवडीचा विचार करावयाचा आहे. या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प या संज्ञांतील भेद सांगता यावा, महाराष्ट्रातील सहा राष्ट्रीय उद्यानांचे वेगळेपण ओळखता यावे आणि हाती असलेले दिवस, पैसे व जिज्ञासा यांच्या आधारे त्यांपैकी एकाची निवड करता यावी, अशी अपेक्षा आहे.

हा विषय घेण्यामागे एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या विद्यार्थ्यांची सहल ताडोबाला गेली होती. परतल्यावर प्रत्येकाने प्रवासवर्णन लिहावयाचे होते. वह्या तपासताना असे आढळले की, ज्या जिप्सीला वाघ दिसला त्या जिप्सीतील विद्यार्थ्यांनी चार-चार पाने लिहिली होती आणि त्यांतील तीन पाने वाघाची होती. ज्यांना वाघ दिसला नाही त्यांचे लेखन एका पानात आटोपले होते. त्या पानावर बहुतेकांनी एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत लिहिले होते : ‘आमचे सायटिंग झाले नाही.’ दोन्ही गट त्याच रस्त्यांवरून, त्याच पहाटे फिरले होते. तळे, तळ्याकाठचे देवस्थान, रस्त्याकडेचे दगडी खांब, पानगळ झालेला साग यांपैकी काहीही कोणाच्या वहीत आले नव्हते. त्या विद्यार्थ्यांत नोकरी सांभाळून शिकणारे होते, घर चालवणाऱ्या गृहिणी होत्या. वर्षभर बाजूला ठेवलेले पैसे खर्चून ते गेले होते. त्यांच्या रित्या वह्यांचा दोष त्यांना देता येत नाही. जंगलात काय पाहावयाचे असते हे त्यांना आम्ही शिक्षकांनीच सांगितले नव्हते.

५.२ संज्ञांचा विचार

‘राष्ट्रीय उद्यान’ हा इंग्रजीतील ‘नॅशनल पार्क’ या संज्ञेचा शब्दशः अनुवाद आहे. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान अमेरिकेतील यलोस्टोन हे १८७२ साली स्थापन झाले. भारतातील पहिले उद्यान १९३६ साली हेली नॅशनल पार्क या नावाने अस्तित्वात आले आणि आज ते कॉर्बेट या नावाने ओळखले जाते. ‘पार्क’ या शब्दाचा युरोपातील जुना अर्थ शिकारीसाठी राखून ठेवलेले कुंपणबंद रान असा होता. ‘उद्यान’ या संस्कृत शब्दाचा अर्थ मात्र विहारासाठी राखलेली बाग असा आहे. अनुवादात रान गळाले आणि बाग उरली. मराठी वाचकाच्या मनात ‘उद्यान’ म्हणताच ताटवे, बाक आणि कारंजे उभे राहते ते यामुळेच. बागेत सारे काही आपल्यासाठी मांडून ठेवलेले असते, आणि हीच अपेक्षा घेऊन आपण जंगलाच्या फाटकाशी जातो.

‘जंगल’ या शब्दाचा प्रवास याहून रंजक आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘जांगल’ हा देशाचा एक प्रकार सांगितला आहे. कोरडा, उघडा, विरळ झाडांचा प्रदेश तो जांगल, आणि पाणथळ, दाट प्रदेश तो आनूप. आज आपण नेमक्या दाट झाडीला जंगल म्हणतो. मात्र विदर्भातील शुष्क पानगळीची वने एप्रिल-मे महिन्यांत पाहिली म्हणजे जुना अर्थ अगदीच हरवलेला नाही असे वाटू लागते.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे संरक्षणाचे दोन वेगळे दर्जे आहेत. अभयारण्यात स्थानिकांचे काही हक्क नियंत्रित स्वरूपात चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्याससुद्धा परवानगी नसते. व्याघ्र प्रकल्प ही तिसरी रचना आहे. व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात १९७३ साली देशातील ९ क्षेत्रांपासून झाली, त्यांत महाराष्ट्रातील मेळघाट होते. एका व्याघ्र प्रकल्पात राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि भोवतालचे वन अशी सर्व क्षेत्रे येऊ शकतात. त्याच्या आतल्या भागाला गाभा क्षेत्र आणि बाहेरच्या पट्ट्याला बफर क्षेत्र म्हणतात.

हा भेद परीक्षेपुरता नाही. ‘राष्ट्रीय उद्यान’ ही पाटी म्हणजे अधिक सुंदर जंगल आणि ‘अभयारण्य’ म्हणजे दुय्यम जंगल, असा समज प्रवाशांत रुजलेला दिसतो. तो चुकीचा आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्यावर ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले ते जंगल अभयारण्य आहे. २०१३ साली नवेगाव राष्ट्रीय उद्यानासह त्याचा एक व्याघ्र प्रकल्प झाला. पाटी पाहून निवड करणाऱ्याची नागझिऱ्याशी गाठ पडण्याचा संभव कमीच.

५.३ वाघ हा एकच निकष घेतला तर

निवडीचा सर्वांत प्रचलित निकष म्हणजे वाघ दिसण्याची शक्यता. २०२२ च्या व्याघ्रगणनेनुसार भारतात ३६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आहे. राज्यात वाघ दिसण्याची शक्यता ताडोबात सर्वाधिक मानली जाते आणि त्यामुळे गर्दीचा ओघही तिकडेच असतो. वाघ पाहण्याची इच्छा अनुचित आहे असे मुळीच नाही. मलाही ती आहे. परंतु हा एकच निकष ठेवला की उरलेली पाच उद्याने आपोआप बाद होतात, आणि ताडोबातही ताडोबा दिसत नाही.

‘सायटिंग’ हा शब्द या संदर्भात तपासण्याजोगा आहे. चालक, मार्गदर्शक आणि पर्यटक सर्वच तो वापरतात. मराठीत आपण ‘हरीण दिसले’, ‘गवा दिसला’ असे म्हणतो, त्या वाक्यात प्राणी कर्ता असतो. ‘सायटिंग झाले’ या वाक्यात प्राणीच नाहीसा होतो आणि आपल्या पाहण्याची घटना तेवढी उरते. शिवाय सांबराचे किंवा मोराचे ‘सायटिंग’ झाले असे सहसा कोणी म्हणत नाही. न सांगताच तो शब्द वाघापुरता राखून ठेवलेला आहे.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. ते १९५५ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर आहे. अंधारी नदीवरून नाव पडलेले अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. ‘ताडोबा’ हे नाव गोंड समाजाच्या तारू या दैवतावरून आले आहे. तारू हा गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झालेल्या झुंजीत त्याला मरण आले, अशी कथा सांगतात. तळ्याच्या काठी एका विशाल वृक्षाखाली त्याचे स्थान आहे आणि पौष महिन्यात तेथे भाविक जमत आले आहेत. म्हणजे ज्या नावाने आपण वाघ पाहावयास जातो ते नाव मुळात वाघाने मारलेल्या माणसाचे आहे. त्याच तळ्यात मगरी आहेत. मोहर्लीहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने ओळीने दगडी खांब उभे आहेत. ते गोंड राजवटीतील मानले जातात. जिप्सी त्यांच्यापाशी सहसा थांबत नाही. चालकाला थांबावयास आपण सांगू शकतो.

आणखी एक उदाहरण देतो. ताडोबातील जामणी हे नाव आज पर्यटकांना चांगले परिचित आहे, कारण तेथील मोकळ्या गवताळ पट्ट्यात चितळे चरतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. ‘काल जामणीत वाघीण दिसली’ असे वाक्य फाटकावर सहज कानी पडते. परंतु जामणी हे गाव होते. गाभा क्षेत्रातून त्याचे पुनर्वसन झाले आणि जेथे घरे व शेते होती तेथे गवत वाढले. पुनर्वसनाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ सांगता येण्यासारखे आहे. गाव हलल्याने वन्यजीवांना जागा मिळाली हे खरे, आणि एका पिढीची जमीन, देवाची जागा आणि शेजार तुटला हेही खरे. या घटकात त्या वादाचा निकाल लावावयाचा नाही. मात्र जे गवत आपण नैसर्गिक माळ म्हणून पाहतो ते कोणाचे तरी शिवार होते, हे ठाऊक असलेला प्रवासी आणि ठाऊक नसलेला प्रवासी एकच गोष्ट पाहत नाहीत.

५.४ उरलेली उद्याने

मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा गाभा असलेले गुगामल राष्ट्रीय उद्यान सातपुड्याच्या गाविलगड रांगांत आहे. त्याचे क्षेत्र ३६१.२८ चौरस किलोमीटर आहे. घाटांचा मेळ तो मेळघाट, अशी नावाची फोड केली जाते, आणि रस्त्याची वळणे पाहता ती पटते. डोंगराळ भूभाग आणि दाट साग यांमुळे येथे वाघ असूनही क्वचितच दिसतो. ज्याला वाघच हवा त्याने मेळघाट निवडू नये. उलट ज्याला एका कड्यावर उभे राहून डोंगरांमागे डोंगर पाहावयाचे आहेत, सिपना नदीच्या काठाने चालावयाचे आहे, त्याला यासारखे जंगल महाराष्ट्रात दुसरे मिळणार नाही. रानपिंगळा हा पक्षी शतकाहून अधिक काळ नाहीसा झाला असे मानले गेले होते. १९९७ साली तो नंदुरबार भागात पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व नोंदले गेले.

भाषेच्या अभ्यासकाला मेळघाट आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. येथील कोरकू लोकांची भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची आहे. तिच्या बहिणी, म्हणजे संथाळी, मुंडारी इत्यादी भाषा, झारखंड-ओडिशाच्या बाजूला बोलल्या जातात. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून ‘कोरकू’ म्हणजे माणसे. ताडोबाच्या परिसरातील गोंडी ही द्राविड कुलातील, तर मराठी ही इंडो-आर्य कुलातील भाषा. केवळ विदर्भातील दोन जंगलांत फिरताना तीन भाषाकुले कानावर पडू शकतात. सेमाडोहला किंवा हरिसालला मुक्काम केल्यास स्थानिक मार्गदर्शकाला एखाद्या झाडाचे कोरकू नाव अवश्य विचारावे. प्रश्न विचारला की त्याच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो मी अनेकदा पाहिला आहे. इतर पर्यटक त्याला फक्त वाघ कोठे आहे एवढेच विचारत असतात.

नवेगाव राष्ट्रीय उद्यान गोंदिया जिल्ह्यात आहे. ते १९७५ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र १३३.८८ चौरस किलोमीटर आहे. डोंगरांनी वेढलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हे त्याचे हृदय होय. हा तलाव निसर्गनिर्मित नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे मानले जाते, आणि तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य पूर्व विदर्भात सर्वश्रुत आहे. हिवाळ्यात येथे स्थलांतरित पक्षी उतरतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथे राहिले होते आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग या परिसराने पोसला आहे. मराठी विषयाच्या विद्यार्थ्याने एकच उद्यान निवडावयाचे असेल तर मी नवेगावच सुचवीन. ज्याच्यावर चांगले मराठी लेखन आधीच झालेले आहे, असे जंगल पाहताना आपल्या डोळ्यांसोबत दुसऱ्याचे डोळेही असतात.

पेंच हे नागपूरला सर्वांत सोयीचे. नदीच्या नावाने ओळखले जाणारे हे जंगल मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र अशा दोन्ही राज्यांत पसरलेले आहे. २०२४ साली महाराष्ट्रातील पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. येथील रात्र पुरेशी काळोखी आहे, असा त्याचा अर्थ. शहरात वाढलेल्या पिढीसाठी आकाशगंगा पाहणे हेही जंगलाला जाण्याचे पुरेसे कारण ठरू शकते.

चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्रीच्या माथ्यावर, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या सीमांवर आहे. त्याचे क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर असून ते २००४ साली घोषित झाले. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. येथे विदर्भाचा साग नाही, तर सदाहरित झाडी, सडे आणि प्रचितगडासारखे किल्ले आहेत. शेकरू आणि गवा येथे आढळतात. गव्याला ‘बायसन’ म्हणण्याची रीत पडली आहे, ती टाळावी. बायसन हा निराळा प्राणी आहे आणि ‘गवा’ हा शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. उपनगरी रेल्वेने जाता येते म्हणून मुंबईकर त्याला सहलीची जागा समजतात आणि बाहेरगावचे लोक त्याचा विचारही करीत नाहीत. तेथील व्याघ्र-सिंह विहारातील प्राणी बंदिस्त आवारातले आहेत. मात्र मोकळ्या रानात बिबट्या आहे, वारली पाडे आहेत, तुळशी आणि विहार हे तलाव आहेत आणि शंभराहून अधिक लेणी असलेली कान्हेरी आहे. ‘कृष्णगिरी’चे प्राकृत ‘कण्हगिरि’ आणि त्यावरून ‘कान्हेरी’ ही व्युत्पत्ती आपण ध्वनिपरिवर्तनाच्या घटकात अभ्यासलेल्या नियमांशी ताडून पाहू शकता. तेथे ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहेतच, शिवाय अकराव्या शतकात लेणी पाहावयास आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेली आपली नावेही आहेत. पर्यटकाने भिंतीवर नाव लिहिण्याची खोड किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

गोव्यालगतच्या वाचकांनी मोले राष्ट्रीय उद्यानाचा विचार करावा. दूधसागर धबधबा त्याच परिसरात आहे.

५.५ ऋतू, दिवस आणि खर्च

जंगल एकच असले तरी वर्षातून ते अनेकदा बदलते. व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र साधारणतः पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरमध्ये उघडते. त्या वेळी गवत उंच असते, प्राणी कमी दिसतात, पण रंग सर्वाधिक असतात. डिसेंबर-जानेवारी हा नवेगावचा काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, त्यानंतर मोहाची फुले गळू लागतात आणि ती खाण्यासाठी अस्वले येतात, वेचण्यासाठी माणसेही येतात. मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि प्राणी पाणवठ्यांवर एकवटतात. वाघ दिसण्यास हा काळ अनुकूल असला तरी वृद्ध माणसे व लहान मुले यांच्यासाठी तो कष्टदायक आहे. याच सुमारास बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम वनविभाग राबवतो. ज्याला रात्रभर गप्प बसता येते त्याने यात जरूर भाग घ्यावा. बोरिवलीचे रान मात्र पावसाळ्यातच पाहावे. कारवी तेथे साधारणपणे ८ वर्षांतून एकदा एकाच वेळी फुलते, त्या वर्षी जाणे साधले तर उत्तम.

जिप्सी, प्रवेशशुल्क आणि मार्गदर्शकाचे मानधन मिळून एका फेरीला काही हजार रुपये लागतात. सहा जण एकत्र गेल्यास तो भार वाटला जातो. गाभा क्षेत्रापेक्षा बफर क्षेत्रातील फेरी बहुधा स्वस्त पडते आणि वन्यजीवांना सीमारेषा ठाऊक नसल्यामुळे ती कमी प्रतीची असतेच असे नाही. शनिवार-रविवार टाळावेत. प्रत्येक उद्यान आठवड्यातून कोणत्या दिवशी बंद असते हे आधी पाहावे, अन्यथा फाटकावरून परतावे लागते. नियम व दर बदलत असल्याने निघण्यापूर्वी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते तपासून घ्यावेत.

तीन दिवस हाती असतील तर तीन उद्याने पाहण्याचा मोह होतो. प्रवासी संस्थांच्या पत्रकांत तशा सहली आकर्षक रीतीने मांडलेल्या असतात. माझा सल्ला याच्या उलट आहे. तीनही दिवस एकाच जंगलात राहावे. पहिल्या फेरीत आपण केवळ शोधत असतो. दुसऱ्या फेरीत झाडे वेगळी दिसू लागतात, ऐन कोणता आणि धावडा कोणता हे कळू लागते. तिसऱ्या फेरीत वानराचा नेहमीचा आवाज आणि धोक्याचा इशारा यांतील फरक मार्गदर्शकाने न सांगता ओळखू येतो. एखादी फेरी सोडून देऊन ती सकाळ जवळच्या गावात घालवली तरी चालेल.

५.६ नोंदवही

जाताना एक लहान वही बरोबर ठेवावी. तिच्यात प्राण्यांची यादी करण्याऐवजी शब्द लिहावेत. पूर्व विदर्भात लहान तळ्याला ‘बोडी’ म्हणतात, मालगुजारांच्या काळातील जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात, ओढ्यावरील बसक्या पुलाला ‘रपटा’ म्हणतात. हे शब्द प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतात. चितमपल्ली यांनी वनखात्यातील दीर्घ सेवेत गोंड, कोरकू आदी समाजांकडून असे असंख्य शब्द मिळवले आणि जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे नवे शब्द घडवले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार. ते भाषेचे अध्यापक नव्हते. वनाधिकारी होते.

शब्द लिहून घेताना सांगणाऱ्याचे गाव आणि तारीख नोंदवावी, उच्चार ऐकू आला तसाच लिहावा, तो ‘शुद्ध’ करू नये. एकाच झाडाला दोन माणसांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत, कोणते बरोबर हे त्या वेळी ठरवू नये.

स्वाध्याय

वरील सहा उद्यानांपैकी आपण ज्याचा कधीही विचार केला नव्हता असे एक उद्यान निवडा. आपल्या गावाहून तेथे पोहोचण्याचा मार्ग, योग्य महिना, अपेक्षित खर्च आणि तेथे आपणांस नेमके काय पाहावयाचे आहे, हे सुमारे ३०० शब्दांत लिहा. लेखनात ‘वाघ’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. भेट प्रत्यक्ष घडल्यास परतल्यावर हेच लेखन पुन्हा वाचा आणि जे ठरवले होते व जे दिसले त्यांतील फरक त्याखाली नोंदवा.